उपकरप्राप्त चाळ: दुरुस्त करून राहायचं की पाडायला द्यायची?

भाडेपावती
गिरगाव, लालबाग, माझगाव या पट्ट्यातल्या चाळी डोळ्यांसमोर ठेवून विचारतोय. नमुना असा धरा: १ सप्टेंबर १९४० पूर्वीची, म्हणजे 'अ' वर्गातली उपकरप्राप्त (दुरुस्तीसाठी जिच्यावर उपकर घेतला जातो अशी) इमारत. तळ अधिक तीन मजले. विटांच्या भिंती चुन्यात बांधलेल्या, आत सागवानी खांब आणि तुळया, पुढे सामायिक गॅलरी, टोकाला मजल्यागणिक चार संडास. एकूण ४८ खोल्या, प्रत्येकी साधारण १८० चौरस फूट. भाडं महिना दोनशेच्या आसपास. राहणारे वॉचमन, पोळीभाजीचे डबे करणाऱ्या बायका, तुटपुंज्या पेन्शनवरचे म्हातारे.

पुनर्विकासात किमान ३०० चौरस फूट मिळतील हे माहीत आहे. माझा प्रश्न वेगळा आहे. इमारत आहे तशी दुरुस्त करून याच लोकांना झेपेल अशा खर्चात तिथंच ठेवणं तांत्रिकदृष्ट्या आणि पैशाच्या हिशोबात बसतं का? चाळीच्या गोड आठवणी कृपया नकोत, त्यासाठी दुसरे धागे भरपूर आहेत.

लाल_डबा
आठवणी नकोत म्हणजे निम्मे सभासद आताच बाद. :)

ओव्हरसीअर
तांत्रिकदृष्ट्या बहुतेक वेळा बसतं. पण सुरुवात ऑडिटपासून करा, कारण घोळ तिथंच होतो. स्ट्रक्चरल ऑडिटचे ठरलेले नमुने आरसीसी इमारतींसाठी बनलेत: रिबाउंड हॅमर, अल्ट्रासॉनिक, कोअर, हाफ-सेल. लाकडी सांगाड्याच्या इमारतीत या चाचण्यांना काही अर्थ नाही. तरी अहवालात त्या असतात, कुठल्यातरी नंतर घातलेल्या स्लॅबवर किंवा संडासाच्या कॉलमवर केलेल्या. मग आकडे वाईट येतात आणि निष्कर्ष निघतो 'सी-१', म्हणजे रिकामी करून पाडा.

लाकडाच्या इमारतीचं ऑडिट असं हवं: प्रत्येक तुळईला क्रमांक, दोन्ही टोकांची स्वतंत्र नोंद, हातोडीने ठोकून आवाज, सुईने किंवा स्क्रू ड्रायव्हरने टोचून खोली, मॉइश्चर मीटरचं रीडिंग. ओल २० टक्क्यांच्या वर सतत राहिली की बुरशीला रान मोकळं. शंका असेल तिथे बारीक ड्रिलने आरपार बघायचं. भिंतीसाठी ओळंबा लावून किती कलली ते मिलिमीटरमध्ये. अहवालात तुळयांचा नकाशा नसेल तर तो अहवाल परत करा.

सी-१ शिवाय आणखी तीन वर्ग आहेत हेही लोकांना माहीत नसतं. सी-२ए म्हणजे रिकामी करून काही भाग उतरवून मोठी दुरुस्ती, सी-२बी म्हणजे रिकामी न करता दुरुस्ती, सी-३ म्हणजे किरकोळ. तुमच्या नमुन्यातल्या बऱ्याचशा चाळी प्रामाणिकपणे तपासल्या तर मधल्या दोनांत पडतील.

गच्चीवरचा
'प्रामाणिकपणे' हा शब्द फार काम करतोय या वाक्यात. मालकाचं ऑडिट सी-१, भाडेकरूंचं सी-२बी, दोन्हींवर शिक्के.

ओव्हरसीअर
@गच्चीवरचा, धोकादायक इमारतीला पालिका देते त्या कलम ३५४ च्या नोटिशीत असे दोन परस्परविरोधी अहवाल आले तर प्रकरण तांत्रिक सल्लागार समितीकडे, म्हणजे टॅककडे जातं. समितीपुढे 'आमची इमारत चांगली आहे' असं सांगून उपयोग नसतो. क्रमांक दिलेल्या तुळया, फोटो, रीडिंग हे ठेवलं की चर्चा 'पाडा की ठेवा'वरून 'कुठल्या अकरा तुळया बदलायच्या' यावर येते.

चुनागच्ची
मूळ रोग पाणी आहे, वय नाही. शंभर वर्षांचं बर्मा टीक कोरडं असेल तर आजही खिळा घुसत नाही. मधल्या खोल्यांतल्या तुळया सहसा ठणठणीत असतात. सडतात त्या तीन ठिकाणी: संडासाच्या बाजूला, मोरीखाली आणि कौलांच्या पन्हळीखाली.

संडासालगतची एक तुळई जवळून बघा. टोक नऊ इंच ते फूटभर भिंतीत गेलेलं असतं. बाहेरून ऑइलपेंटचे सहा-सात थर, दिसायला गुळगुळीत. भिंतीपासून चार बोटांवर स्क्रू ड्रायव्हर टेकवला की तो रंग फोडून मुठीपर्यंत आत जातो आणि ओला, तपकिरी भुगा बाहेर येतो. तेच दोन फूट अलीकडे टोचलं तर टोक घसरतं. म्हणजे चौदा फुटांच्या तुळईतला दीड फूट मेलाय, बाकी जिवंत. आणि या दीड फुटासाठी अख्खी तुळई, पुढे अख्खी इमारत बाद ठरवली जाते.

भिंतींचं म्हणाल तर चुन्याच्या विटकामावर सिमेंटचं प्लास्टर मारणं हा गुन्हा ठरवायला हवा. आतली ओल बाहेर यायला वाट उरत नाही, ती वर चढते, क्षार विटेच्या तोंडाशी साठतात, दोन-तीन पावसाळ्यांत प्लास्टर विटेचा पापुद्रा घेऊन सुटतं. मग कंत्राटदार म्हणतो 'वीटच खराब आहे'.

तुळई_नंबर_७
चुनागच्ची यांना अनुमोदन. जोडकामाचा क्रम लिहून ठेवतो, कारण चुका क्रमातच होतात.

आधी टेकू. ज्या मजल्यावर काम आहे तिथला टेकू खालच्या मजल्याच्या फळ्यांवर टेकवून चालत नाही, तो थेट जमिनीपर्यंत एकाखाली एक उतरला पाहिजे. स्टीलचे स्क्रू जॅक, मीटर-सव्वामीटरवर एक, खाली जाड फळी. मग भिंत उघडून टोक मोकळं करायचं आणि दिसणाऱ्या सडक्या भागाच्या पुढे निदान फूटभर निरोगी लाकडात कापायचं. ही फूटभराची कंजुषी केली की बुरशी आत राहते आणि नवं लाकूड पाच वर्षांत जातं.

जोड दोन प्रकारे: नवं सागवानी टोक तिरक्या सांध्याने, किंवा दोन्ही बाजूंनी स्टीलचे चॅनेल लावून आरपार बोल्ट. बारा इंच उंचीच्या तुळईला जुन्या लाकडावर चॅनेलची पकड तीन फुटांपेक्षा कमी नको. १६ मिमीचे बोल्ट, मोठे चौकोनी वॉशर, बोल्टांची संख्या इंजिनिअरने हिशोबाने द्यायची, गवंड्याने अंदाजाने नाही. चॅनेलला आधी प्रायमर, कारण ओल्या भिंतीत तेही गंजतं. भिंतीत टोक ठेवताना खाली दगडी किंवा काँक्रीटचा ठोकळा, त्यावर ओल अडवणारा पट्टा, बाजूंना इंचभर हवा खेळायला जागा. टोक सिमेंटने गच्च बुजवायचं नाही. हे शेवटचं वाक्य साइटवर रोज सांगावं लागतं.

आणि खाली वाकलेली तुळई जॅकने एका दिवसात सरळ करू नका. वरच्या मजल्याच्या भिंती त्या वाकाशी जुळवून बसलेल्या असतात. दिवसाला दोन-तीन मिमी, तेही तडे बघत. बहुतेकदा वाक तसाच राहू द्यावा.

चिंचपोकळीकर
सरकारी दुरुस्तीत एवढं कोण करतं? लाकडी तुळई काढून लोखंडी गर्डर टाकतात, वर स्लॅब ओततात, झाली दुरुस्ती. लोकांनाही लाद्यांचं पक्कं घर झाल्यासारखं वाटतं.

ओव्हरसीअर
त्या 'पक्क्या'चा हिशोब बघा. जुनी जमीन म्हणजे इंचभर फळी, कड्या, वर तीनेक इंच चुना-मुरूम आणि शहाबादी फरशी. साधारण २३० किलो प्रति चौरस मीटर. पाच इंची आरसीसी स्लॅब नुसता ३१० किलो, त्यावर भर आणि लाद्या धरून ४१०. फरक १८०. खोली १८० चौरस फूट म्हणजे जवळपास १६.७ चौरस मीटर. एका खोलीमागे तीन टन जादा. मजल्यावर बारा खोल्यांत केलं तर ३६ टन, आणि हे सगळं जातं चुन्यात बांधलेल्या त्याच जुन्या भिंतींवर, त्यांच्या त्याच पायावर. एका मजल्यावर स्लॅब आणि वरखाली लाकूड असं अर्धवट असेल तर आणखी वाईट.

गॅलरीचंही तेच. टोकाला ५०० लिटरची टाकी म्हणजे अर्धा टन. बारा कुटुंबांच्या बारा टाक्या एका मजल्याच्या गॅलरीवर ठेवल्या तर सहा टन, भिंतीबाहेर लटकणाऱ्या लाकडावर. दुरुस्तीचं एक रुपयाही न लागणारं पहिलं पाऊल: टाक्या आजच्या आज खाली उतरवा. मग एक सामायिक टाकी जमिनीवर, पंप, आणि वरची छोटी टाकी स्वतंत्र पायाच्या मनोऱ्यावर.

माजघर
इथपर्यंत सगळे लाकूड-चुना-टाक्या बोलताहेत. सहाव्या महिन्यातली बाई रात्री दोन वाजता अंधाऱ्या गॅलरीच्या टोकाला संडासला जाते, त्यावर कोणाचा उतारा? पाऊण लाख लिटर चुना ओता, घरात संडास नसेल तर सून त्या घरात येत नाही. हेरिटेज जपणारे सगळे अटॅच्ड बाथरूमवाल्या घरातून लिहितात असा माझा दाट संशय आहे.

लाल_डबा
संशय खरा आहे. मी या क्षणी... जाऊ दे.

चुनागच्ची
@माजघर, मुद्दा शंभर टक्के बरोबर, आणि याला उत्तर न देणारी दुरुस्ती टिकतही नाही. कारण मग प्रत्येक जण आपापल्या मोरीत कमोड बसवतो: फळ्यांच्या जमिनीवर विटांचा कोबा, खाली नहाणी ट्रॅपचा सांधा कपड्याने गुंडाळलेला. चार इंची कोबा म्हणजे १८०-२०० किलो प्रति चौरस मीटर, वर गळती. खालच्या तुळईचा निकाल तिथंच लागला.

उपाय मागच्या घरगल्लीच्या बाजूला, जागा असेल तर, संडासांचा वेगळा आरसीसी मनोरा. स्वतःचा पाया, जुन्या भिंतीपासून इंचभर मोकळी फट, फटीवर झाकणपट्टी. जुन्या इमारतीवर त्याचं वजनही नाही आणि पाणीही नाही. मागच्या खोल्यांना थेट दार देता येतं, पुढच्यांना दोन कुटुंबांत एक कुलूपबंद संडास. प्रत्येकाला घरात मिळणार नाही, हे खरं आहे. मोकळ्या जागेत बांधकाम म्हणून पालिकेची रीतसर परवानगी लागते. 'टेनंटेबल रिपेअर' म्हणून हे खपवायला जाऊ नका. त्यात प्लास्टर, रंग, फरशी, कौलं बदलणं अशी कामं येतात.

गच्चीवरचा
आता पैसे. ४८ खोल्या गुणिले २०० म्हणजे महिना ९,६००, वर्षाला १,१५,२००. यात तुळई नंबर ७ यांच्या चार तुळयासुद्धा होणार नाहीत. मालक म्हणतो मी का करू, आणि हिशोबाने तो चूक नाही. भाडी १९४० च्या पातळीवर गोठली, १९४७ च्या कायद्याने ती तशीच राहिली, १९९९ च्या भाडे नियंत्रण कायद्याने (लागू ३१ मार्च २०००) वर्षाला ४ टक्के वाढ दिली. दोनशेचे ४ टक्के आठ रुपये.

त्याच कायद्याचं कलम १४ म्हणतं: मालकाने दुरुस्ती केली नाही तर १५ दिवसांची नोटीस देऊन भाडेकरूने करावी आणि खर्च भाड्यातून वळता करावा, पण वर्षाच्या भाड्याच्या चौथ्या हिश्श्यापर्यंतच. २,४०० चा चौथा हिस्सा ६००. एका टेकूचं भाडंही निघणार नाही.

भाडेपावती
म्हणजे ज्या भाड्यामुळे माणसं टिकली त्याच भाड्यामुळे इमारत पडते. उपकराचं काय? तो तर दुरुस्तीसाठीच घेतात ना?

चिंचपोकळीकर
घेतात. १९६९ चा कायदा, १९७१ पासून दुरुस्ती मंडळ, पुढे ते म्हाडात गेलं. सुरुवातीला १९,६४२ इमारती होत्या, त्यात 'अ' वर्ग १६,५०२. मंडळाच्या खर्चाला प्रति चौरस मीटर मर्यादा आहे. त्यावर गेलं की वरचा खर्च रहिवाशांनी भरायचा, नाहीतर इमारत दुरुस्तीपलीकडची ठरते. आता मेख बघा: पाच वर्षं गळती थांबवली नाही की खर्च आपोआप मर्यादेच्या वर जातो. दुर्लक्ष करणाऱ्याला कायदा बक्षीस देतो.

वकील_नाही_पण
एक विसरलेला रस्ता: म्हाडा कायद्यातलं प्रकरण आठ-अ, १९८६ चं. ७० टक्के रहिवाशांनी सहकारी संस्था करून मागणी केली तर म्हाडाने उपकरप्राप्त इमारत संपादन करायची आणि संस्थेला द्यायची. मालकाला मोबदला मासिक भाड्याच्या शंभर पट. तुमच्या नमुन्यात ९,६०० गुणिले १०० म्हणजे ९ लाख ६० हजार रुपयांत गिरगावातली अख्खी इमारत! मालक कोर्टात गेले यात नवल नाही. त्यातून निघालेल्या प्रश्नावर ५ नोव्हेंबर २०२४ ला सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायाधीशांच्या पीठाने बहुमताने सांगितलं की प्रत्येक खाजगी मालमत्ता ही घटनेतल्या कलम ३९(ब) मधली 'समाजाची भौतिक संसाधनं' ठरत नाही. तेव्हा या रस्त्यावर आशा ठेवून बसू नका.

दुसरं, त्याच कायद्याचं कलम ७९-अ. इमारत धोकादायक ठरली की मालकाला पुनर्विकासाचा प्रस्ताव द्यायला सहा महिने, त्याने नाही दिला तर भाडेकरूंच्या संस्थेला सहा महिने, मग म्हाडा स्वतः. पण २०२५ मध्ये नोटिसा काढणाऱ्या अधिकाऱ्यांच्या अधिकारावरच मुंबई उच्च न्यायालयात प्रश्न आला आणि नऊशेहून अधिक नोटिसांना स्थगिती मिळाली.

फिलीकर
इथे फिलाडेल्फियात जुन्या इमारतीत गरिबांची घरं टिकवायला दोन करसवलती एकावर एक रचतात. ऐतिहासिक इमारतीच्या दुरुस्तीखर्चाच्या २० टक्के फेडरल सवलत, ती पाच वर्षांत विभागून मिळते. आणि १९८६ पासूनची कमी उत्पन्नाच्या घरांची सवलत, ती गुंतवणूकदाराला विकून रोख उभी करतात. गोम अशी की पहिली घेतली की दुसरीचा हिशोबाचा पाया तेवढा कमी होतो. शिवाय ऐतिहासिक सवलतीसाठी जुन्या लाकडी खिडक्या काढून प्लास्टिकच्या बसवता येत नाहीत. भाडं उत्पन्नाच्या प्रमाणात बांधलेलं राहतं, साधारण तीस वर्षांच्या करारावर. तीस वर्षांनी मात्र पुन्हा तेच रडगाणं.

गच्चीवरचा
आपल्याकडे याच्या जवळचं एकच: हेरिटेज यादीतल्या इमारतीला टीडीआर, म्हणजे दुसरीकडे वापरायला विकता येणारा बांधकामाचा हक्क. पण साधी चाळ यादीत पहिल्या-दुसऱ्या श्रेणीत कुठे येते? खोताची वाडी परिसर म्हणून आली, शेजारच्या चाळी नाहीत. १८९३ पासूनचा गणेशोत्सव असलेली केशवजी नाईक चाळ लोकांच्या तोंडी ऐतिहासिक, पण तोंडी असण्याने तुळई बदलायला पैसे मिळत नाहीत.

पेठेतला
पुण्यातल्या वाड्यांबद्दल कोणी लिहील का? तिथे तर उपकरही नाही, मंडळही नाही.

लाल_डबा
पुण्यात वाडा पडला की तो पडला नसून 'विश्रांती घेतोय' असं पाटी लावून कळवतात. वेगळा धागा काढा, तुम्हाला तिथे गाठतो.

माजघर
पुनर्विकासाच्या बाजूचंही नीट लिहा की कोणीतरी. ३०० फूट, स्वतःच्या नावावर, घरात संडास, लिफ्ट. वरळीच्या बीडीडीत ऑगस्ट २०२५ मध्ये पहिल्या ५५६ कुटुंबांना ५०० फुटांच्या घरांच्या चाव्या मिळाल्या. तिथे १६० फुटांत चार पिढ्या राहिल्या होत्या.

गच्चीवरचा
@माजघर, बीडीडी सरकारी जमीन, सलग मोठे भूखंड, म्हाडा स्वतः बांधणारी. तिच्यावरून पाच हजार फुटांच्या एकल भूखंडाचा अंदाज बांधू नका. छोट्या भूखंडावर रस्त्याची रेषा आणि मोकळ्या जागा सोडल्या की विक्रीला मजलेच उरत नाहीत, म्हणून बिल्डर येत नाही किंवा येऊन अर्ध्यात थांबतो. मग बिल्डर देत होता ते बाहेरचं भाडं बंद, मंडळी संक्रमण शिबिरात, नाव बृहतसूचीत, म्हणजे घराची वाट बघणाऱ्यांच्या म्हाडाच्या यादीत.

आणि घर मिळालं तरी देखभाल कोण भरणार? ५०० फुटांपर्यंत मालमत्ताकर माफ आहे, पण लिफ्ट, पंप, अग्निशमन, सुरक्षारक्षक माफ नाहीत. दोनशे रुपये भाडं देणाऱ्याला महिना चार हजार आले की तो दोन वर्षांत विकून विरार गाठतो. 'परवडणारं घर' फक्त चावी मिळते त्या दिवशी मोजू नका. करार करताना कॉर्पस (बिल्डरने देखभालीसाठी द्यायची ठेव) एवढा मागा की व्याजातून निदान निम्मी देखभाल निघेल: ४,००० मधले २,००० धरले तर वर्षाला २४,०००, म्हणजे ६ टक्क्यांनी माणशी ४ लाख. बिल्डर एक लाख म्हणतो आणि लोक टाळ्या वाजवतात.

भाडेपावती
मूळ प्रश्नाकडे येतो. समजा ४८ पैकी ३० जण दुरुस्तीच्या बाजूचे आहेत, हातात मंडळाची थोडी रक्कम आणि माणशी ५० हजार जमवायची तयारी. म्हणजे १५ लाख. एवढ्यात काय करावं, काय सोडावं?

तुळई_नंबर_७
क्रम सांगतो, रक्कम संपेल तिथे थांबायचं.

पहिलं, पाणी. टाक्या खाली, संडासाचे उभे पाइप नवे, मोऱ्यांचे ट्रॅप, कौलं चाळून फुटकी बदलणं. मंगलोरी कौल चौरस मीटरला पंधरा लागतात, दहा टक्के फुटतूट धरा. पन्हळी आणि कोपऱ्यातली जस्ताची पट्टी विसरू नका, गळती कौलांतून कमी आणि तिथून जास्त असते. दुसरं, टेकू, पण तात्पुरते म्हणून लावून दहा वर्षं विसरायचे नाहीत. तिसरं, फक्त मेलेली टोकं, नकाशात लाल केलेली. पाडलेल्या इमारतींचं जुनं सागवान वखारीत मिळतं, ते नव्यापेक्षा चांगलं. जुने खिळे काढून आणि वाळवी तपासून घ्या. चौथं, वाळवी: भिंत आणि जमिनीच्या सांध्यावर फूटफूटभर अंतराने १२ मिमीची भोकं, त्यात औषध. क्लोरपायरीफॉस २० ईसी असेल तर एका भागाला एकोणीस भाग पाणी. कुटुंब त्या दिवशी खोलीत नको.

रंग, गॅलरीचे कठडे, जिन्याच्या लाद्या हे सगळं सोडा. लोक रंग आधी मागतात कारण तो दिसतो.

चुनागच्ची
पाचवं माझ्याकडून: संडासाच्या भिंतीवरचं सिमेंट प्लास्टर काढून सांधे २० मिमी खोल खरवडा, भिंत एक उन्हाळा वाळू द्या, मग चुना. विरवलेला चुना निदान पंधरा दिवस मुरलेला, एकास तीन वाळू, १२ ते १५ मिमीचा थर, सात दिवस हलकं पाणी. काम ऑक्टोबर ते मे. जूनमध्ये सुरू करू म्हणणाऱ्या कंत्राटदाराला परत पाठवा.

वकील_नाही_पण
कामाआधी कागद. भाडेपावत्या, वीजबिलं, रेशनकार्ड, खोलीचं मोजमाप फोटोसह. दुरुस्तीसाठी खोली रिकामी करावी लागली तर परत येण्याची तारीख आणि क्षेत्रफळ लिहिलेला करार नोंदवल्याशिवाय चावी देऊ नका. पालिका इमारत पाडते तेव्हा आधी भाडेकरूंची नावं आणि क्षेत्रफळ नोंदवायचं असतं, त्या यादीत आपलं नाव हजर राहून तपासा. इमारत पडली म्हणून भाडेकरूचा हक्क संपत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने २०१४ मध्ये स्पष्ट केलंय. पण हक्क शाबीत करायला पावती लागते.

चिंचपोकळीकर
उरलेल्या १८ जणांचं काय? ते पैसे देणार नाहीत आणि त्यांच्याच मोरीखालची तुळई सडलेली असणार.

ओव्हरसीअर
असणारच. त्यांच्या वाट्याचं काम वगळून चालत नाही, भार सलग असतो. म्हणून आधी तुळयांचा नकाशा मोठा छापून जिन्यात लावा, कोणाच्या खोलीखाली कुठली लाल आहे ते दिसू दे. बरेचसे तिथेच येतात. नाही आले तर ३० जणांच्या पैशातून त्यांची टोकं करून घ्या आणि खर्च संस्थेच्या वहीत त्यांच्या नावावर ठेवा. उद्या पुनर्विकास झाला तर कॉर्पसमधून वळता होईल, तसा ठराव आताच करून सह्या घ्या.

बिल देताना मोजणीवही मागा. 'लाकूडकाम, एकरकमी' अशी ओळ आली तर पैसे देऊ नका. तुळई क्रमांक, कापलेली लांबी, बसवलेलं लाकूड घनफुटात, बोल्ट नगावर. भिंत बंद करण्याआधी प्रत्येक टोकाचा फोटो, बाजूला क्रमांकाची पाटी धरून.

माजघर
आणि संडासाच्या मनोऱ्याचा अंदाज कोणी देईल का? त्याच्यावाचून माझी सही नाही.

चुनागच्ची
१५ लाखांत नाही बसणार. आमदार-निधीतून सामायिक शौचालय म्हणून प्रस्ताव टाका. जागेचा नकाशा आणि मालकाचं ना-हरकत पत्र आधी. मालक ते लवकर देणार नाही, म्हणून ती नोटीस या आठवड्यातच जाऊ द्या.